हैसमचे नातेवाईक

कैरोत सरकारी वर्तमानपत्र मागून उघडतात. पुढच्या पानांवर काय असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोण गेलं, हे मात्र वाचल्याशिवाय कळत नाही. निधनाच्या पानावर मृताचं नाव एका ओळीत आटोपतं आणि मग हुद्द्यांसकट नातेवाईक सुरू होतात. यादीतून एखादा जावई गळला, तर दोन घरं दहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

वजीह या वर्तमानपत्राचा वृत्तसंपादक. पोलीस कोठडीत कोणी मेलं की 'रक्ताभिसरण अचानक मंदावल्याने मृत्यू' असं तो एकवीस वर्षं छापत आला होता. वाक्य वरून आलेलं; 'अचानक' तेवढं त्याचं. त्याबद्दल तेव्हा त्याची पाठही थोपटली गेली होती.

मंगळवारी ते वाक्य त्याच्या भाच्यासाठी आलं. हैसम, वय चोवीस. पावाच्या रांगेचं मोबाइलवर चित्रण केलं म्हणून उचललेला. वजीहने बातमी छापली.

बुधवारी त्याची विधवा थोरली बहीण कौसर कचेरीत आली.

"बातमी तू छापलीस?"

"ताई, ती वरून..."

"कुठून आली ते विचारलं नाही मी. मय्यतीला अंघोळ घालणाऱ्याने मला त्याची पाठ बघू दिली नाही, वजीह. त्याच्या आईला!"

तिने कागद पुढे केला. हैसमचं नाव, पुढे 'पोलीस ठाण्यात वारला', खाली तेरा नातेवाईक.

"मारलं असं म्हणतच नाही मी. कुठे गेला, तेवढं सांगते. निधनात गाव लिहितातच की!"

निधनाचं पान वरून कोणी तपासत नसे. मेलेल्यांपासून सरकारला धोका वाटत नव्हता. वजीहची एक सही पुरली असती.

"बघतो," तो म्हणाला.

कौसर सरळ बाई. घरी जाऊन तिने सगळ्या नातेवाइकांना मजकूर वाचून दाखवला. दुपारपासून वजीहचा फोन थांबेना.

"माझं नाव काढ," ब्रिगेडियर शुकरी म्हणाला. हा हैसमचा चुलता. "प्रत्येक मयतात मलाच घुसवतात!"

मग इंजिनिअर मुख्तार. "मी आत्याचा नवरा खरा, पण लांबचा."

"आत्याचा नवरा लांबचा कसा?"

"तीस वर्षं झाली लग्नाला. अंतर पडतं, वजीह."

एक मावसबहीण नुसती रडत होती. "माझ्या पोराची रविवारी मुलाखत आहे रे. मी घरी रडते हैसमसाठी, रोज रडीन. नाव तेवढं काढ."

संध्याकाळपर्यंत अकरा नावं गेली. उरली आई, आणि 'वृत्तसंपादक वजीह यांचा भाचा' ही ओळ.

"उस्ताद, असंच सोडू?" पान लावणाऱ्या सामियाने विचारलं.

'पोलीस ठाण्यात' खोडलं असतं तर तासाभरात अकराच्या अकरा हुद्द्यांसकट परतले असते. वजीहने पेन उचललं. ते दोन शब्द त्याने राहू दिले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. मग स्वतःची ओळ खोडली आणि सही केली.

सकाळी कौसरचा फोन आला.

"छापलंस रे. बाकीच्यांनी नावं काढून घेतली, ते कळलं मला. पण तुझ्या कचेरीतल्यांनी तुझंही नाव गाळलं, पाहिलंस? सख्ख्या मामाचं! सोडू नकोस मेल्यांना, चांगला भांड."

"हो, ताई."

"आणि संध्याकाळी मशिदीत लोक सांत्वनाला येतील, लवकर ये. दाराशी उभं राहायला घरचा पुरुष नको का? तुझ्याशिवाय आहे कोण?"

संध्याकाळी मशिदीच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. समोरच्या फुटपाथवर दोन माणसं एका गाडीला टेकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत उभी होती. वजीह कोपऱ्यावरच थांबला. दाराशी, घरच्यांनी उभं राहायच्या जागी, कौसरच्या गल्लीतला न्हावी होता. कोट दुसऱ्याचा असावा. बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. सांत्वनाला येणाऱ्यांचे हात तोच हातात घेत होता.

वजीह बऱ्याच वेळाने पुढे झाला. चार परक्यांच्या मागे रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली.

"अल्लाह तुम्हाला धीर देवो," तो न्हाव्याला म्हणाला.

"तुमचं दुःख हे शेवटचंच असो," न्हावी म्हणाला, आणि त्याने वजीहला पाहुण्यांच्या खुर्च्या दाखवल्या.