चंद्रप्पांच्या हौदातला डाग

गवंडी म्हणून राणीसावरगावात माझं नाव होतं, आणि त्या नावानंच चंद्रप्पांच्या पोराचा घात केला. लोक म्हणतात, मुंजाजी, तुझी काय चूक? चूक माझीच. हात चालवायचे सोडून मी तोंड चालवलं.

चंद्रप्पा कापसाचे व्यापारी. परसात त्यांनी पोहायला चुनेगच्ची हौद बांधला होता. त्यांचा वीरुपाक्ष निजामाविरुद्ध पोरं जमवायचा, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. अमीनाला, म्हणजे आमच्याकडच्या फौजदाराला, नुसता संशय होता. या अमीनाला पोहायची भारी हौस. तो हौदात डुंबून खूश राहिला की पोरावर बालंट येणार नाही, असं चंद्रप्पांना वाटायचं. म्हणून अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात पायऱ्यांजवळ तांबूस डाग उमटला, तेव्हा त्यांनी मला घाईनं बोलावलं.

हौद उपसला. अमीन काठावर खुर्ची टाकून बसला होता, चंद्रप्पा त्याला सरबत देत होते. मी खाली उतरलो तशी वीरुपाक्षाची आई, शांतम्मा, स्वयंपाकघरातून धावतच आली.

“मुंजाजी, चिंचेच्या पाल्याचा डाग हाय त्यो. राहू द्या तसाच. उन्हानं जाईल.”

जन्मात कधी हौदात न उतरलेली बाई मला डाग शिकवायलीय! माझं डोकं फिरलं. माझा बाप चुन्यात म्हातारा झाला होता. पाल्याचा डाग काळपट असतो, तळाला बसतो. हा भिंतीतून ओघळला होता.

“बघाच, माय,” म्हणालो आणि अर्धं लिंबू डागावर खसाखसा चोळलं. पाल्याचा डाग लिंबाला दाद देत नाही. हा बघता बघता फिका पडला.

“लोखंड हाय!” अमीनानं ऐकावं म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं बोललो. “आन् ह्यो गिलावा बघा. एवढाच तुकडा नवा हाय. कुण्या अडाण्यानं थापलाय. आत कायतरी गंजायलंय.”

अमीन उठला. “हौज में लोहा कायकू?”

तेव्हा कुठं मी शांतम्माकडे पाहिलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. पोराखेरीज घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं. चंद्रप्पा बिचारे अजून हसत होते.

अमीनानं माझ्याच हातानं गिलावा फोडायला लावला. मेणकापडात गुंडाळलेल्या दोन बंदुका निघाल्या. वीरुपाक्ष जेवायला बसला होता. त्याला हातसुद्धा धुऊ दिला नाही, तसाच नेला.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं, तुरुंग उघडले. गावोगावची पोरं गुलालात न्हाऊन परतली. चंद्रप्पांकडे नुसता सदरा आला. ज्यानं आणून दिला, तो पाणीही न पिता निघून गेला.

चार महिने मी त्या घराची वाट टाळली होती. एका दुपारी शांतम्माच माझ्या दारात उभी राहिली. तिनं सदरा उलगडून माझ्यापुढं धरला. छातीवर ओंजळीएवढा डाग होता.

“तुमी जाणते. सांगा, कशाचा हाय?”

मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. मान वर करवेना.

“गंज हाय, माय. जेलात गज असत्यात, टेकून बसला असंल.”

तिनं सावकाश सदऱ्याची घडी घातली.

“एवढं खोटं त्या दिवशी बोलला असता तर, मुंजाजी,” ती म्हणाली आणि उन्हात चालू लागली.