साखरेवरची खूण

मित्रांनो, मी एक जुना, कडी असलेला पितळी डबा आहे. सावली गावात कपडे शिवणाऱ्या कमरुद्दीनभाईंच्या घरी साखर सांभाळतो. साखर सांभाळणाऱ्याने कोणावर विश्वास ठेवू नये. मुंग्यांवर नाही, माणसांवर तर नाहीच.

भंडाऱ्याच्या तांबटाने मला ठोकून घडवलं. ईदच्या शिरखुर्म्याला आधी मलाच हाक मारली जायची. पुढे कमरुद्दीनभाईंचं रक्त तपासलं. मधुमेह अजून नाही, पण काठावर आहात, असं डॉक्टर म्हणाले. याच आजारात त्यांच्या थोरल्या भावाचा पाय गेला होता. त्यांच्या पत्नी जाहिदाबी घाबरल्या. त्यांनी साखर सपाट केली, तिच्यावर बोटाने खूण काढली आणि मला कुलूप घातलं.

तीन महिने मी फळीवर काळा पडत राहिलो. तरी कमरुद्दीनभाईंच्या रक्तातल्या साखरेचा आकडा वर गेला. जाहिदाबींनी मला उघडलं, तर खूण जशीच्या तशी. मग नवरा बाहेर चोरून खातो, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या त्यांचे खिसे चाचपू लागल्या. खरं सांगतो, मलाही तोच संशय होता.

"एक दाना बी नाई खाल्ला मी," कमरुद्दीनभाई एवढंच म्हणाले.

दवाखान्यातल्या भागीरथा नर्सबाई घरी आल्या. रोजचं ताट वाढून दाखवा, म्हणाल्या. जाहिदाबींनी पांढऱ्याशुभ्र भाताची रास घातली, वर पातळ वरण. तांदूळ मळका दिसू नये म्हणून त्या गिरणीत दोनदा पॉलिश करून आणत. दोन्ही वेळा भातच, आणि उरलेला त्या स्वतः संपवत.

"साखर बंद केली ते बरंच केलं, बाई. पन एवढ्या भाताची बी पोटात साखरच होते. अन् भाऊ तं दिवसभर मशीनवर बसून राह्यते. भात कमी करा, डाळ-भाजी वाढवा, रोज चाला. आता तुमचं बोट द्या, तुमची बी साखर तपासू."

जाहिदाबींनी खूण काढलेलं तेच बोट पुढे केलं. आकडा नवऱ्यापेक्षा जास्त निघाला. उद्याच दवाखान्यात या, नर्सबाई म्हणाल्या. सुया टोचून घेण्याची सवय असलेल्या कमरुद्दीनभाईंनी स्वच्छ चिंधी घेतली आणि ते बोट दाबून धरलं. जाहिदाबींनी मान वर केली नाही.

मित्रांनो, माझ्यावर नजर ठेवा, मी काही साधा नाही. पण जेवायला बसाल तेव्हा आधी आपल्या ताटावर संशय घ्या. आम्ही तिघांनी तीन महिने तेवढंच केलं नाही.