साहेब, पाणी प्या!

मी फ्लेक्स बोलतोय. मोबाईलवर ज्याला बघून तुम्ही पोट धरून हसलात, तोच मी.

माझा जन्म दहिवडीतल्या एका छापखान्यात झाला. आजूबाजूला सगळे वाढदिवसाचे फ्लेक्स, मी एकटा आंदोलनाचा. त्यामुळं मिजास लय! माझ्यावर ‘साहेब, पाणी द्या!’ असं छापायचं होतं. गडबडीत छापलं गेलं, ‘साहेब, पाणी प्या!’ मला कुठं वाचता येतंय? मला न्यायला आलेल्या गुंडाकाकाच्या मोटारसायकलवर मी ऐटीत निघालो.

गुंडा हलगी वाजवायचा. त्याच्या वस्तीत नळाला गढूळ, वास मारणारं पाणी यायचं. पोरं जुलाबानं अंथरुणाला खिळलेली. अर्ज करून दाद मिळेना, म्हणून सगळी वस्ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीसमोर बसली.

मला बांधलं आणि रस्त्यावर हशा पिकला.

“आरं, ही तर सायबालाच पाणी पाजाय आल्यात!”

कॉलेजात शिकणारी आम्रपाली रडकुंडीला आली. “गुंडाकाका, उतरवा ह्याला. आब्रू गेली आपली.”

साहेबही बाहेर आले, मला वाचून खो खो हसले. वाऱ्यानं फाडून न्यावं, असं मला झालं.

तेवढ्यात आम्रपालीची आजी, लक्ष्मीबाई, उठली. “ऱ्हाऊ दे गं. काय बी चुकल्यालं न्हाई त्यात.”

तिनं बाटलीतलं नळाचं पाणी पेल्यात ओतलं आणि साहेबांपुढं धरलं.

“आवं सायेब, प्या की. आमची नातवंडं रोज पित्यात.”

साहेबांचं हसू मावळलं. म्हातारीनं हात मागं घेतला नाही. साहेबच मागं सरकले. आम्रपाली हे सगळं मोबाईलवर टिपत होती. गुंडानं हलगीवर थाप मारली आणि बायांनी ताल धरला, “सायेब, पाणी प्या!”

तो व्हिडिओ माण तालुक्यातून साताऱ्याला, साताऱ्याहून सांगलीला गेला. इस्लामपूरच्या पोरांनी तर मला स्टेटसला लावलं. “काय डोकं लावलंय!” लोक म्हणाले. मी ती तारीफ निमूट खिशात घातली. फ्लेक्सला कसली लाज?

गटाराजवळ फुटलेली पाइपलाइन लवकरच बदलली. नितळ पाणी आलं, पोरं पुन्हा अंगणात हुंदडायला लागली.

मी आता गुंडाच्या शेळ्यांच्या छपरावर असतो. अक्षरं उन्हानं उडाली. ‘साहेब’ तेवढा शाबूत होता, तो परवा शेळीनं खाल्ला. माझं काही फार राहिलेलं नाही. एवढंच सांगतो, पुढच्या आंदोलनाला फ्लेक्स नसला तरी चालेल. लक्ष्मीबाईला मात्र पुढं बसवा.