माझी पाठ उघडू नका

मी एक जुना, ढेरपोट्या टीव्ही आहे. मित्रांनो, पटकन बसून घ्या, मला धीर नाही. अंबरनाथजवळच्या मोरिवलीत कोंडाजीच्या घरी माझं आयुष्य गेलं. त्यानं मला उल्हासनगरच्या बाजारातून गोधडीत गुंडाळून आणलं, तेव्हा अख्खी आळी दारात उभी होती. काय थाट होता माझा! त्याच्या बायकोनं, बनूबाईनं, मला हळदकुंकू लावलं. त्यांचा प्रमोद माझ्यासमोरच जेवायचा आणि तिथंच झोपायचा. पुढे भिंतीवर सपाट टीव्ही आला आणि माझ्या डोक्यावर पापडाचे डबे चढले. राग यायचा हो!

मग कोंडाजी वारला. बनूबाईला एकच ध्यास लागला. लग्नाच्या जुन्या कॅसेटमध्ये तो हळदीत नाचतो, ते एकदा बघायचं. प्रमोदनं वांगणीच्या मामाकडून व्हीसीआर आणला. तो भिंतीवरच्या टीव्हीला जुळेना, म्हणून मला जोडला. मी मेल्यानं काय दाखवलं? एक पांढरी रेघ. वर करपल्याचा वास सोडला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आमच्याकडे शुक्रवारी कारखाने बंद, आणि तारांच्या दुरुस्तीसाठी लाईटही बंद. प्रमोद स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या पाठीशी बसला.

"प्लग काढलास का रे?" बनूबाईनं चुलीपासून विचारलं.

"टेन्शन नको घेऊ, आई. शुक्रवार हाय, संध्याकाळशिवाय लाईट येतच नाय!"

माझं झाकण निघालं. माझा जीव टांगणीला, आणि ओरडायला तोंड नाही. बनूबाई पुटपुटत आली आणि तिनं प्लग उपटला. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा गरगरायला लागला! प्रमोदचा चेहरा पांढराफटक पडला.

तरी ऐकेल तर शपथ. "आता तर काढलाय ना? दोन मिन्टं थांब," म्हणत त्यानं हात आत घातला.

अरे बाबा, थांब! प्लग काढला तरी माझ्या काचेच्या नळीत वीज बराच वेळ दडून राहते. त्याची बोटं नेमकी तिच्या रबरी टोपीकडे निघाली होती. ज्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं, त्याला मीच झटका देणार?

बनूबाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "ह्याला उघडताना तुझ्या बापानं पण प्लग काढला व्हता. तरी उडून कणगीवर आपटला. इसरलास?"

"मग बाबा कसे दिसणार तुला?"

"नाय दिसले तर नाय! ते गेले. मला तू पायजेस," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

प्रमोदनं हात मागे घेतला आणि झाकण लावलं. आता उल्हासनगरचा मेकॅनिक यायचाय. त्याला जमलं तर कोंडाजीला मनसोक्त नाचवीन, नाही तर खुशाल भंगारात द्या मला. पण मित्रांनो, करपल्याचा वास आला की प्लग काढा, जाणत्याला बोलवा आणि माझ्या पाठीला हात लावू नका.

बनूबाई अजून माझ्या प्लगवरच बसून आहे. तिनं धरलेल्या त्याच हातानं प्रमोद तिला चहा ओततोय.