साखरपुड्याच्या मिटलेल्या कळ्या

लालबागची आकांक्षा माहितीये ना, दादरला बुकेच्या दुकानात कामाला होती ती? लिलीतलं तिला विचारा. मयतीला पांढरी, पेशंटला भेटायला जाताना पिवळी, प्रमोशनला नारिंगी आणि साखरपुड्याला गुलाबीच, गिऱ्हाइकाचं तोंड बघून सांगायची. तिची शाळेपासूनची मैत्रीण नूपुर रोज संध्याकाळी तिथे स्टुलावर बसून हे सगळं ऐकायची. आणि तिथेच यायचा शंतनु, समोरच्या ऑफिसातला. आकांक्षाला वाटायचं, आपल्यासाठी येतो. तो येत होता स्टुलासाठी.

नूपुर-शंतनुचा साखरपुडा ठरला आणि नूपुर हिलाच म्हणाली, स्टेजची फुलं तूच निवड, दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही. आकांक्षा तोंडभर हसली, पण आत असं काही पेटलं की विचारू नका. पांढरीच नेऊन ठेवावी, असंही मनात आलं. पण मग लगेच बोभाटा झाला असता. म्हणून त्या दिवशी सकाळी तिने फूलमार्केटातून गुलाबी लिलीच उचलली, फक्त हिरव्या, घट्ट मिटलेल्या कळ्यांची. फूलवाला म्हणालासुद्धा, ताई, आजच्या कार्यक्रमाला नका नेऊ, ह्या फुलायला दोन दिवस जातील. ही म्हणाली, माहितीये मला.

नायगावचा हॉल, पाहुणे जमलेले, नूपुर पैठणीत, आणि मागे स्टेजभर नुसते हिरवे दांडे. शंतनुची आत्या मोठ्याने म्हणाली, “स्टेजवर भेंडी कोणी लावली गं?”

हॉलभर हशा. नूपुरचे डोळे भरले आणि आकांक्षाच्या जिवाला जे गार वाटलं ना, काय सांगू. पण मिनिटभरच. शंतनुने ते डोळे बघितले, सरळ आकांक्षाकडे वळला आणि विचारलं, ह्या फुलणार कधी? सगळे बघत होते, सांगावंच लागलं. झालं, निघताना शंतनुने प्रत्येकाच्या हातात पेढ्याच्या पाकिटाबरोबर एकेक दांडा दिला. घरी न्या, पाण्यात ठेवा म्हणे. होणाऱ्या बायकोच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी एवढं करणारा माणूस, आणि तो आपला नाही, हे हिने तिथे उभं राहून बघितलं.

दोन दिवसांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबी पूर आला. कुणाच्या बरणीत, कुणाच्या बाटलीत, आत्याचा तर सेल्फीच. वर सगळ्यांचं एकच, आकांक्षाची काय आयडिया. हिच्या घरीही तांब्यात ठेवलेली लिली भरभरून फुललेली, आणि आई सारखी तिथेच घुटमळत होती, “काय वास सुटलो हा गो!”

तेवढ्यात नूपुरचा फोन. लग्नाची फुलं पण तूच निवडायची हां. आकांक्षा घाईघाईने हो म्हणाली. मग नूपुर अगदी साध्या आवाजात म्हणाली, “फक्त या वेळी फुललेली आण, अक्की. इतकी वर्षं त्या स्टुलावर बसलेय मी. कुठली कळी कधी फुलते, मलाही कळतं.”

आणि फोनमध्ये मागून शंतनु हाक मारत होता, नूपुर, चल ना, चहा थंड होतोय. एवढी पकडली गेली होती आकांक्षा, तरी कळ आली ती त्या हाकेचीच.