दुसऱ्या रांगेतली तिसरी

“थांबव. थोडं मागे घे,” बाबा म्हणाले. “ही पोरगी घाई करतेय.”

“कुठली?”

“दुसऱ्या रांगेतली. डावीकडून तिसरी.”

मी व्हिडिओ मागे घेतला. त्या दुपारची ती विसावी वेळ असेल. गाणं चाळीस वर्षांपूर्वीचं. पिवळ्या झग्यातली गायिका कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून चालत येते आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना करड्या डगल्यांतल्या बारा मुली यंत्रासारखे हात हलवत नाचतात. माझ्या वयाच्या कोणालाही झोपेतून उठवलं तरी त्यातल्या चार स्टेप्स करून दाखवेल. मी मात्र ते गाणं परीक्षेसाठी बघत होते. एक्केचाळिसाव्या वर्षी, शाळेतली नोकरी सांभाळून, मी माध्यमशास्त्राच्या वर्गात नाव घातलं होतं. नातेवाइकांनी या वयात हे काय खूळ म्हणून तोंडं वाकडी केली. बाबांनी फक्त अभ्यासक्रम मागून घेतला आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला.

आमच्या मॅडमचं म्हणणं असं की विश्लेषण करायचं तर आधी मोजायचं. प्रत्येक शॉट किती सेकंदांचा, कॅमेरा कुठे, त्यात कोण दिसतं आणि कोण कोणाकडे बघतं. सिद्धांत त्यानंतर. मी हे घरी सांगितलं आणि बाबांचा चेहरा उजळला. मोजणं म्हणजे त्यांचं माहेरच.

एकतीस वर्षं त्यांनी बल्बच्या कारखान्यात कामाच्या वेळा मोजल्या. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात कागद अडकवलेली फळी, आणि काम करणाऱ्याच्या पाठीमागे दोन पावलांवर उभं राहायचं. एक बल्ब खोक्यात भरायला किती सेकंद लागतात ते त्यांनी लिहायचं, आणि त्यावरून प्रत्येकीने पाळीत किती बल्ब भरायचे ते वर ठरायचं. कामगार त्यांना ‘टिकटिक’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी नळाखाली बादली किती वेळात भरते ते मोजल्याशिवाय त्यांची अंघोळ होत नसे. “माझा आकडा कधी चुकला नाही,” हे त्यांचं एकच भूषण. बाकी कशाबद्दल त्यांनी कधी बढाई मारली नाही.

आणि आईसुद्धा त्यांना आकड्यातूनच मिळाली. ही गोष्ट आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागते. पॅकिंगच्या टेबलावर बारा बायका, सगळ्यांचे आकडे नऊ सेकंदांच्या आसपास, आणि एका नव्या मुलीचे साडेसात. “मी घड्याळ झटकून पाहिलं,” बाबा सांगतात, “मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं.” इथे पाहुणे हसतात आणि आई चहा टाकायला उठते.

तर त्या रविवारी बाबा माझ्या मदतीला बसले होते. तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांत एकशे अठरा शॉट. पहिले तीन रकाने त्यांनी झरझर भरले. चौथ्यापाशी पेन अडलं.

“कोण कोणाकडे बघतं? याचं मोजमाप कशात करायचं?”

मी मॅडमचं व्याख्यान थोडक्यात ऐकवलं. कॅमेरा म्हणजे कोणाची तरी नजर. ती कोणाची, कोणावर आणि किती वेळ टिकते, यावरून कोणाची सत्ता चालते ते कळतं. गायिका थेट आपल्याकडे बघते, म्हणजे तिला बघण्याची मुभा आहे. बारा जणींच्या माना खाली, नजर स्वतःच्या हातांवर. त्यांनी फक्त दिसायचं.

बाबांनी पेनाचं टोपण दातांत धरून विचार केला. “मग यांच्यासमोर उभं कोण आहे?”

“कॅमेरा.”

“कॅमेरा आपण होऊन उभा राहत नाही. त्याच्यामागे माणूस असेलच की. त्याचा रकाना कुठाय?”

तीन व्याख्यानांत मला एवढं चांगलं वाक्य मिळालं नव्हतं. मी ते वहीत उतरवून घेतलं. तेवढ्या वेळात बाबांनी आपला एक पाचवा रकाना आखला होता. तो काय म्हणून पाहिलं, तर त्यांनी नाचणाऱ्या मुलींना वेगाचे गुण दिले होते. शंभर म्हणजे साधारण चालीने काम करणारा माणूस. बहुतेकींना शंभर, मागच्या रांगेतल्या एकीला पंच्याण्णव, आणि दुसऱ्या रांगेतल्या तिसरीला एकशे पंधरा.

“अहो बाबा, त्या नाचतायत. बल्ब नाही भरत.”

“हात तर चालतायत ना? बघ, प्रत्येक वेळी ही इतरांच्या आधी हात खाली आणते.”

आम्ही वेग कमी करून पाहिलं. खरंच होतं. केसभरच, पण आधी. मी म्हटलं चूक असेल. बाबा म्हणाले, चूक एकदा होते, ही अकरा वेळा पुढे आहे. मग मीही माझ्याकडचा सिद्धांत लावून बघितला. यंत्राची शिस्त मोडणारा देह, चौकटीतून निसटू पाहणारा माणूस, वगैरे. बाबा गंभीरपणे ऐकत होते. सत्तावन्नाव्या शॉटमध्ये ती मुलगी क्षणभर मान वर करून बाजूला बघते, हेही त्यांनीच शोधलं. त्या नजरेसमोर चौकटीत कोणीच नव्हतं. चौथ्या रकान्यात काय लिहावं, यावर आमचं घोडं अडलं.

आई मटार सोलत पलीकडे बसली होती. “दाखव बघू मला,” ती म्हणाली. मी ती जागा दोनदा दाखवली.

“ती कोणाला तरी दाखवतेय,” आई म्हणाली.

“कॅमेऱ्याला?”

“कॅमेरा तर समोर आहे गं. ही बाजूला बघतेय. तिथे उभा असेल कोणीतरी. दिवे धरणारा असेल, नाहीतर पडदे ओढणारा. त्यानं आपल्याकडे बघावं असं वाटतंय तिला.”

“तुला कसं कळलं?”

आईने हातातली शेंग सोलून संपवली. “मी केलंय तसं,” ती म्हणाली.

बाबा हसले. त्यांना वाटलं, आपलीच गोष्ट आज आई सांगणार.

“अहो, ते नऊ सेकंद खरे नव्हते,” आई म्हणाली. “कामावर आलं की पहिल्या दिवशीच सांगायच्या. टिकटिक मागे उभा राहिला की हात जड करायचे. आमच्यातली थोरली खोकायची. ती खोकली की बाराच्या बारा जणी सावकाश. म्हणजे सेकंदांचा आकडा वाढायचा, बल्ब कमी ठरायचे, आणि पाळी संपताना पाय मोकळे करायला दहा मिनिटं उरायची.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“एकतीस वर्षं?”

“मी होते तोवरचं मला माहीत. पुढे काय बदलणार होतं?”

बाबांनी पेन टेबलावर ठेवलं. “आणि तुला नवीन म्हणून हे सांगितलं नव्हतं.”

“सांगितलं होतं की. थोरली त्या दिवशीही खोकली. मी ऐकलं.” आईचे हात परातीत तसेच होते. “आदल्या दिवशी तुम्ही पलीकडच्या टेबलापाशी होतात. तिथल्या एकीशी दोन शब्द बोललात. मला वाटलं, आपल्याशीही बोलावं.”

पडद्यावर ती मुलगी मान वर करून थांबली होती.

“तुमच्या कागदावर साडेसात लागले आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांनाच आठ करून आले,” आई म्हणाली. “दहा मिनिटं गेली. मग माझ्याशी कोणी बोललं नाही. चौदा महिने. डबा मी हात धुवायच्या नळापाशी उभ्यानं खायचे. लग्नाला अकरांपैकी एकही आली नाही.”

“त्यांची पाळी होती. मीच सगळ्यांना सांगत होतो, पाळी आहे म्हणून.”

“हो. मी ऐकत होते.”

मला माझीच लाज वाटली, कारण माझा हात वहीकडे गेला होता. अख्ख्या वर्गात असं उदाहरण कोणाकडे नव्हतं. मी वही मिटली आणि मांडीखाली घातली.

बाबांना आधी काय लागलं, आकडे की नळ, हे मला कळलं नाही. त्यांनाही ते कळलं नसावं. मग ते म्हणाले, “म्हणजे त्या कारखान्यात माझा एकच आकडा खरा होता. तुझा.”

“तो तर सगळ्यांत खोटा,” आई म्हणाली. “त्या वेगानं मी आयुष्यात पुन्हा कधी बल्ब भरले नाहीत. चार दिवस बोटं सुजली होती.”

“मग खरा वेग किती होता?”

हे विचारताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, रडवेपणाही नव्हता. नवं मशीन आलं की ते असेच विचारत असतील.

“कोणी बघत नसताना? ते कोण सांगणार?” असं म्हणून आई परात घेऊन आत गेली.

बाबांनी संध्याकाळी माझा तक्ता पूर्ण करून दिला. पाचव्या रकान्यावर त्यांनी आडवी रेघ मारली होती. “शॉटच्या वेळा मात्र बरोबर आहेत,” ते म्हणाले. “या मुली मला बघून नाचल्या नव्हत्या.” मी तक्ता घडी घालून वहीत ठेवला.

सोमवारी मी शाळेतून आले तर टेबलावर बारा बल्ब ओळीने मांडलेले. बाबांनी दुकानातून आणून एकेक खोक्यातून बाहेर काढला होता आणि खोकी पुन्हा सपाट करून बाजूला रचली होती. आई पदराला हात पुसत दारात उभी होती.

“घरातला एक दिवा गेला नाहीये आणि हे बारा कशाला?”

“भर,” बाबा म्हणाले.

“आता? वेड लागलंय का?”

“भर गं. मी बघत नाही.”

त्यांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यात बसले. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मीसुद्धा एक खुर्ची ओढली आणि बाबांच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खुर्ची सरकली. पुठ्ठा उलगडल्याचा आवाज आला, खालचं झाकण आत खोचल्याचा, बल्ब आत सरकल्याचा. “किती हलके झालेत हे,” आई स्वतःशीच म्हणाली. “आमचे काचेचे होते.” दुसरं खोकं. तिसरं. चौथ्यानंतर ती थांबली. का थांबली ते आम्हाला दिसणं शक्य नव्हतं. मग पुन्हा सुरू झाली. मध्येच गुणगुणलीही. आई गुणगुणते हे मला माहीत नव्हतं, आणि बाबांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही माहीत नसावं.

बाबांचे हात मांडीवर होते आणि डोळे भिंतीवर. ओठ हलत नव्हते, म्हणजे ते मनातही मोजत नव्हते.

बारावं झाकण बंद झालं आणि आवाज थांबला. “झालं का?” असं बाबांनी विचारलं नाही. मागे खुर्ची सरकली नाही, म्हणजे आई तिच्या जागेवरच बसलेली होती, आणि ती हाक मारेपर्यंत आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसून राहिलो.