एका अर्जातल्या दोघी

टाचणी फोटोतून आरपार गेली होती – बरोबर खांद्यातून, जिथे पदर वर घेतलेला होता तिथून – आणि मागच्या कागदावर तिच्या टोकाने गंजाचा एक तांबूस ठिपका सोडला होता. दुखलं असेल का, असं साखरच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं. बोईसरच्या फोटोवाल्याने "मान थोडी वर, बाई" म्हटलं, तेव्हा मान वर करता करता हनुवटीच पुढे आली होती. त्यामुळे फोटोतली बाई कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी दिसत होती. आणि मी तर मुलखाची भित्री...

अर्ज मांडीवर होता. नागरिकत्वाचा, परत आलेला अर्ज. कोपऱ्यात लाल शाईचा शेरा होता, आणि तो तिला तोंडपाठ झाला होता – 'पासपोर्टावरील जमुना ही बाई अर्जदार नव्हे. अर्जदार साखरबाई हिचा पासपोर्ट जोडलेला नाही. खुलासा व्हावा.' पालघरच्या कचेरीच्या व्हरांड्यात, भिंतीलगतच्या बाकावर ती आणि तिची सासू रखमाबाई खुलासा करायला बसल्या होत्या. सरावलीहून सकाळी निघून, एसटीचे धक्के खात. तिच्या नवऱ्याला, आनंदाला, यायचं होतं, पण तारापूरच्या कामावर वेल्डरला सुटी मागणं म्हणजे वाघाच्या तोंडातला घास मागणं. तसा त्याचा जबाब सोमवारी होऊन गेला होता, आणि ज्या जबाबाने भानगड मिटायची तो देऊन त्याने ती दुप्पट करून ठेवली होती. 'तुमच्या बायकोचं नाव?' म्हणून विचारल्यावर तो छाती पुढे काढून म्हणाला होता, 'साखरबाई! मीच ठेवलंय.'

खरंच त्यानेच ठेवलं होतं. लग्नात, ताटातल्या तांदळावर, उसन्या अंगठीने, एकेक अक्षर जोडत... 'ख' काढताना तांदूळ ताटाबाहेर सांडले आणि बायका हसल्या. चार दाण्यांच्या त्या नावापुढे जमुना हे नाव एका दिवसात पुसलं गेलं, जसं सगळ्याच मुलींचं पुसलं जातं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेच तांदूळ दुसऱ्या दिवशी पंगतीच्या भातात शिजले. म्हणजे पुरावा म्हणावा तर तो सगळ्या वऱ्हाडाने जेवून टाकला.

सरकारला कोण सांगणार, की बाईचं नाव असं बदलतं? सरकारच्या दप्तरी जमुना नावाची एक मुलगी होती, वय एकोणीस, राहणार कराची. नव्वद दिवसांच्या व्हिसावर चुलत बहिणीच्या लग्नाला निफाडला आली होती. त्रेसष्टची गोष्ट. ती परत गेली नाही. का गेली नाही, हे दप्तरात नव्हतं. दप्तरात ती तार नव्हती – बाबा गेल्याची, तीही चार दिवस उशिरा आलेली. आई आधीच गेलेली, तिथे भाऊबंद कुणी नाही. बंदरातल्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या त्या माणसाला अग्नी कुणी दिला तेही तिला कळलं नाही. काकू म्हणाली, "कुनाकडं जाशील आता? ऱ्हा इथंच." ती राहिली. नव्वद दिवस कधी सरले, ते तिने मोजले नाहीत. रडणारं माणूस दिवस मोजत नाही. पुढच्या वैशाखात काकाने आनंदाचं स्थळ आणलं, आणि तिथून हे सगळं...

हे सगळं म्हणजे सरावलीच्या दोन खोल्या. दाराशी शेवग्याचं झाड. ठिणग्यांनी भोकं पडलेल्या बाह्यांचा शर्ट अंगातून काढता काढता 'आज काय केलंय?' म्हणून विचारणारा नवरा. दीड वर्षांची चिंगी, जिला आत्ता शेजारच्या गोजराबाई सांभाळत होत्या आणि जी बहुधा त्यांच्या पिठाच्या डब्यात बसलेली असणार. साखर सुखात होती. इतकी, की कधी कधी भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा – हे कुणी काढून घेतलं तर? कामावरचा पास नवा करायचा म्हणून घरच्या माणसांची चौकशी झाली, आनंदाने सरळ मनाने कराची लिहून दिली, आणि तेव्हापासून ती भीती मोठीच होत चालली होती. त्यात मध्ये पासष्टची लढाई होऊन गेलेली. चिंगी इथली, चिंगीचा बाप इथला, आजी इथली. घरात परकी मी एकटी. मला सीमेपलीकडे पाठवलं, तर चिंगी कुणाला आई म्हणेल?... नाही, हा विचार करायचाच नाही. नवऱ्याच्या नात्याने बायकोला इथलं होता येतं, कायदाच आहे तसा, असं कामावरच्या एका साहेबाने आनंदाला सांगितलं होतं. फक्त ती बायको म्हणजे हीच बाई, एवढं पटवायचं होतं.

"आनंदा यांच्या आई कोण?" शिपायाने दारातून विचारलं.

आतला कारकून पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. पुढ्यात दोन कागद – एकावर जमुना, एकावर साखर. तो दोन्हींकडे आळीपाळीने पाहत होता.

"आजी, ही तुमची सून?"

"मंग कोनाची?"

"नाव काय हिचं?"

"साखर."

"मग ही जमुना कोण?"

"हीच की."

"अहो, दोन बायका आहेत या. कागदावर दोन आहेत. नाव बदललं कशाला?"

रखमाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं चिंगीने माती खाल्ल्यावर तिच्याकडे पाहत. "लगीन झालं का नाव बदलत्यात, सायेब. तुमच्या घरी नाय बदललं?"

कारकुनाची लेखणी थांबली. "बदललं," तो म्हणाला.

"मंग तवा तिचा पासपोट इचारला व्हता का तुमी?"

दाराशी शिपाई खुसखुसला. साखरने मागून सासूचा पदर ओढला. आत्याबाई, गप्प बसा हो... पण रखमाबाई आता थांबणार नव्हत्या.

"माझं बी बदललं. मी काय जलमाची रखमा हाय? मी भागी. माह्यारची भागी..." आणि इथे त्या अचानक थांबल्या. मागे दुसरंच कुणी बोललं की काय, असं बघितल्यासारखी त्यांनी मान वळवली. मग हळू म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली. कोनी हाक मारनारं बी ऱ्हायलं नाय त्या नावानं. आता मी एक का दोन, तुमीच लिवा."

कारकुनाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. बराच वेळ लिहीत राहिला, आणि लिहिलेलं वाचून दाखवलं – 'जमुना ऊर्फ साखरबाई, एकच व्यक्ती. नाव विवाहप्रसंगी रिवाजाप्रमाणे बदलले.' रखमाबाईंनी अंगठा उठवला. साखरने सही केली. दोन्ही नावांनी, तोच म्हणाला म्हणून.

"आता मला पाठवणार नाहीत ना?" तिने विचारलं. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"ते ठाण्याच्या जिल्हा कचेरीतून ठरेल, बाई. माझ्या हातात नाही. हुकूम येईपर्यंत तालुका सोडू नका."

तालुका सोडू नका. तिला हसू फुटणार होतं. अहो, मला कुठेच जायचं नाही, तीच तर सगळी अडचण आहे...

एसटी स्टँडवर बोईसरची गाडी लागायची होती. रखमाबाई पिशवीतून भाकरी काढत होत्या, नेहमीसारख्याच. पण साखर त्यांच्याकडे पाहतच राहिली. नाकाच्या शेंड्यावर घाम, कपाळावर गोंदण. यांच्या आत एक भागी चाळीस वर्षं बसून होती, आणि एका शब्दाने बोलली नाही. आणि मी समजत होते, घरात मीच एकटी दुसरीकडून आलेली. गोजराबाईही कुणी दुसऱ्याच असतील. कारकुनाची बायकोसुद्धा. सगळ्या आल्या आणि राहिल्या. फरक इतकाच, की त्यांच्या वाटेवर कुणी शिक्का घेऊन बसलं नव्हतं... बरं वाटत होतं तिला. उगाच, काही न मिळता, बरं वाटत होतं.

शेजारी सातपाटीची एक कोळीण रिकामी पाटी उलटी टाकून तिच्यावर बसली होती. ती भाकरीकडे, मग साखरकडे बघून म्हणाली, "कुठची गो तू? बोली इथली नाय वाटत."

उत्तर ठरलेलं होतं. निफाडची. लढाईपासून रखमाबाईंनीच ते पढवलं होतं आणि नळावर, बाजारात, दवाखान्यात ते बिनचूक निघत आलं होतं. साखरने तोंड उघडलं.

"कराचीची," ती म्हणाली.

रखमाबाईंचा घास हातातच राहिला.

"कराची?" त्या बाईने पदराने गळा पुसला. "मंग जवलच की! माझा आजा जायचा शिडाच्या गलबतातून, सुके बोंबील घेऊन. वारा बरा असला का पोचला म्हनून समज."

जवळ? कराचीला जवळ म्हणणारं माणूस तिला कधी भेटलंच नव्हतं. तिच्या हिशेबी तिथून इथवर दोन आगगाड्या, एक सीमा, किती शिक्के आणि एक तार होती. समुद्र कुणी मोजलाच नव्हता. इथून दोन-तीन कोसांवरचा, रोज भरणारा आणि ओसरणारा...

"आमच्या घराच्या गच्चीवरून बंदर दिसायचं," ती म्हणाली, आणि आवाज खाली करायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. "बाबा कामावरून निघाले की वरून ओळखू यायचे. चालणंच तसं होतं."

"कसं?" हे रखमाबाईंनी विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. घास अजून हातातच होता. "कसं चालायचे व्याही?"

ती सांगू लागली. बोईसरची गाडी लागली, माणसं उठली, सातपाटीच्या बाईने पाटी उचलून काखेत मारली, तरी ती सांगतच होती. ठाण्याहून काय यायचं ते येईल. पण आत्ता या गर्दीत कुणी मागून जमुना म्हणून हाक मारली, तर आपण वळून पाहू, असं तिला वाटलं. आणि पुढे कधी कुणी मारली, तर चिंगीला कडेवर घेऊन वळू.